वर कुणीतरी

इझोल्दाबाई म्हणाल्या, गोष्टीला उत्तर लिहा.
गोष्टच लिहा, पत्र नको.
मग त्या उत्तराबद्दल एक पान:
का लिहिलं, लिहिताना काय सापडलं.
हे ते पान.

गोष्ट आठ पानांची. विहीर खणणारा बेसारिओन
चाळीस हात खाली उतरतो
आणि आठही पानं तिथेच राहतो.
ओली माती, आईची आठवण, सासऱ्याचं देणं,
डोक्यावर ताटलीएवढं आभाळ.
पाचव्या पानाच्या तळाशी एकच ओळ:
वर कुणीतरी दोर धरून होतं.

कुणीतरी!
मी पुस्तक मिटलं
आणि शेगडीत लाकूड जरा जोरातच कोंबलं.

एकतीस वर्षं मी या गावात रोपवेचा पाळणा चालवला,
नदीकाठच्या ठाण्यातून वरच्या खाणीपर्यंत.
मँगनीजनं काळी झालेली माणसं, शाळेची पोरं,
एकदा शेळी, एकदा शवपेटी,
उभी करून, मुलगा तिला मिठी मारून.
पाळण्यातून माणसं दरी बघतात.
दोराच्या टोकाला कोण आहे, कोण बघतं?

म्हणून उत्तर लिहायला मला एक रात्र पुरली.
दोरवाल्याला नाव दिलं, वाझिको.
तळहाताला घट्टे दिले, खोकला दिला,
खिशात बायकोनं कोंबलेले अक्रोड दिले.
शेवटी त्याच्या तोंडी घातलं:
अंधार पडला, गारा पडल्या,
मी दोर सोडला नाही. क्षणभरही.

वर्गात वाचलं. बेकरीतली लामारा रडली.
इझोल्दाबाईंनी एक शब्द शुद्ध करून दिला,
म्हणाल्या, छान. पण ते "क्षणभरही" कशाला?
नसतं, तर मी विश्वास ठेवला असता.

पूल ओलांडून घरी येईपर्यंत
तो शब्द बुटातल्या खड्यासारखा.

वीज जायची, त्या वर्षांतलं आहे हे. फेब्रुवारी.
पाळणा मधोमध थांबला. आत नऊ जण,
खाली क्विरिला, काळी.
नऊ जणांचा जीव टांगणीला,
आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही.
हातब्रेक माझ्याकडे.
ब्रेकला आकडी असते, ती अडकवली की पाळणा हलत नाही,
असं नियमावलीत आहे.
मी आकडी अडकवली आणि बाहेर गेले.
लघवीला, असं स्वतःला सांगत आले इतकी वर्षं.
मागच्या भिंतीशी उभी होते.
पाळण्यातून कुणी माझं नाव घेऊन हाका मारत होतं,
त्सिउरी, त्सिउरी,
आणि मला ते ऐकवत नव्हतं.
सात मिनिटं. नऊही असतील.
मग परत आले.
पहाटे वीज आली, नऊच्या नऊ उतरले.
एका म्हातारीनं माझे हात धरून चुंबले,
म्हणाली, पोरी, रात्रभर ब्रेक धरून
किती गार पडलेत गं.
मी हात काढून घेतले नाहीत.

आडात असतं तेच पोहऱ्यात येतं म्हणतात.
माझ्या पोहऱ्यात ते आलं नाही, मी वरचं वरचं शेंदलं.

मला वाटलं होतं, लेखक दोरवाल्याला विसरला
आणि मी न्याय करतेय.
काल पुन्हा वाचलं.
सहाव्या पानावर बेसारिओन वर हाक मारतो,
आणि ओ यायला एक अख्खा परिच्छेद लागतो.
त्या परिच्छेदात फक्त पाणी ठिबकतं.
वर आल्यावर तो काहीच विचारत नाही,
हात झटकतो, तंबाखू मागतो.
म्हणजे ठाऊक होतं त्याला.
की नव्हतं? लेखक सांगत नाही.
"कुणीतरी" या शब्दाचा मला राग आला होता.
आता त्यावर बोट ठेवते, आणि उचलते.

उत्तरातलं "क्षणभरही" खोडलंय.
त्या जागी काय, ते सुचत नाही.
वाझिको भिंतीशी उभा आहे, खिशात अक्रोड,
विहिरीतून हाक येतेय.

बाई, पान संपलं.
मागच्या बाजूला लिहिलं तर चालेल?